फोन घरी येतो रात्री नऊला

पत्र

मी भांडुपच्या एका अनुदानित मराठी शाळेत आठवी-नववीला विज्ञान आणि भूगोल शिकवते. दिवाळीनंतरच्या एका प्रशिक्षणात आम्हाला खूप वेब टूल्स दाखवली. मी हौसेने सगळं सुरू केलं: वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप, यूट्यूब चॅनल, गूगल क्लासरूम, शाळेचं इन्स्टाग्राम पेज. पण माझे व्हिडिओ कुणी बघत नाही. ऑनलाइन क्विझ घेतली तर वर्गात चार-पाच फोन निघतात आणि बाकीची मुलं नुसती बसून राहतात. बऱ्याच घरांत एकच फोन आहे, तो वडिलांबरोबर कामावर जातो आणि रात्री नऊला परत येतो. इन्स्टावर मात्र गॅदरिंगमधल्या मुलींच्या नाचाचा रील जोरात चालला. मुख्याध्यापक खूश झाले, कारण पटसंख्या घसरते आहे आणि दरवर्षी संचमान्यतेच्या वेळी (पटावरून शिक्षकांची पदं ठरतात तेव्हा) कोण अतिरिक्त ठरणार ही धास्ती असते. मग एका आईचा फोन आला, "माझ्या मुलीचा व्हिडिओ काढून टाका." मला रागच आला. आमचे गणिताचे सर म्हणतात, खडू-फळ्यावर पिढ्या शिकल्या, तुम्ही कशाला या भानगडीत पडता? मला हे शिकायचं आहे. पण काय धरू आणि काय सोडू, तेच कळत नाही.

— एक शिक्षिका, भांडुप

उत्तर

बाई,

तो व्हिडिओ आज काढा. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल. काढल्यावर त्या आईला स्वतः फोन करा आणि न विचारता टाकला याबद्दल माफी मागा. तुमचा राग मला समजतो. नाच बसवायचा, साड्या जमवायच्या, रात्री जागून रील तयार करायचा आणि वर हे ऐकून घ्यायचं! पण ती आई बरोबर आहे. मुलीचा चेहरा, शाळेचं नाव आणि भांडुप, हे तिन्ही एकत्र अनोळखी माणसांसमोर गेलं, आणि रील जितका चालला तितकी ती माणसं वाढत गेली. एखाद्या घरात कोर्टात चाललेला वाद असतो, एखादी बाई मुलीला घेऊन कुणाच्या तरी नजरेपासून लांब राहत असते. तिने कारण सांगावं अशी अपेक्षासुद्धा आपण ठेवू नये. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानलं आहे आणि मुलाची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागितली आहे. कायद्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होते आहे, पण शाळेने त्यासाठी थांबायचं कारण नाही.

तुमच्या पत्रात दोन वेगळी कामं एकमेकांत गुंतली आहेत. एक काम मुलांना शिकवण्याचं, दुसरं शाळा लोकांना दाखवण्याचं. दोन्ही खरी आहेत. संचमान्यतेत पद गेलं की काय होतं हे ज्याने पाहिलं आहे तो मुख्याध्यापकांना नावं ठेवणार नाही. पण एकाच खात्यावर, एकाच हौसेने दोन्ही करायला गेलं की दाखवण्याचं काम शिकवण्याला गिळून टाकतं. रीलला लाइक लगेच मिळतात आणि भूगोलाच्या व्हिडिओला मिळत नाहीत, म्हणून माणूस आपसूक रीलकडे वळतो. तुमचंही तेच झालं आहे असं मला पत्र वाचून वाटलं. पत्रात इन्स्टाबद्दल इतकं आहे आणि विज्ञानाचा कुठला धडा मुलांना जड जातो याबद्दल एक ओळही नाही.

तिथूनच सुरुवात करा. प्रशिक्षणातली यादी बाजूला ठेवा आणि आधी स्वतःला विचारा, माझ्या वर्गात मुलं नेमकी कुठे अडतात? विद्युत परिपथात अडतात, की नकाशावरच्या समोच्च रेषांत (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) अडतात? की प्रश्न विचारला की तीच तीच मुलं हात वर करतात आणि मागच्या बाकांचं काही कळत नाही? प्रत्येक अडचणीला साधन वेगळं असतं, आणि काहींना साधन लागतच नाही.

आता तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात मोलाचं वाटलेलं वाक्य: फोन वडिलांबरोबर रात्री नऊला घरी येतो. तुम्ही ते तक्रार म्हणून लिहिलंत. मी ते वेळापत्रक म्हणून वाचते. तुमच्या बहुतेक मुलांकडे स्वतःचा फोन नाही, तो घराचा आहे, आणि तो येतो तेव्हा त्याच्याबरोबर दिवसभर मुंबईत फिरून आलेलं एक मोठं माणूस येतं. मग गृहपाठ असा द्या की तो करायला ते माणूसच लागेल.

नववीच्या भूगोलासाठी एक उपक्रम सुचवते. २६ जुलै २००५, मंगळवार. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि कुलाब्याला साधारण ७४ मिलिमीटर. शहर एक, दिवस एक आणि आकड्यांत एवढी तफावत. हे दोन आकडे फळ्यावर लिहा, काहीही समजावू नका, आणि मुलांना घरी एवढंच विचारायला सांगा: त्या दिवशी तुम्ही कुठे होता, तिथे पाऊस कसा होता, पाणी कुठपर्यंत आलं होतं, घरी कधी आणि कसे पोहोचलात? आई, बाबा, आजी, शेजारचे काका, कुणीही चालेल. उत्तर दोन मिनिटांच्या व्हॉइस नोटमध्ये किंवा गूगल फॉर्ममध्ये. फॉर्म अगदी लहान ठेवा आणि ईमेल गोळा करण्याचा पर्याय बंद करा, नाहीतर लॉगिनच्या पायरीलाच निम्मी घरं गळतील. ज्या घरी दोन्ही जमत नाही त्यांनी वहीत लिहून आणलं की तुम्ही ते फॉर्ममध्ये भरा. वहीला कमी लेखू नका. पत्ता मागू नका, फक्त स्टेशनचं किंवा भागाचं नाव विचारा.

मग शाळेच्या संगणक कक्षात ती उत्तरं शीटमधून गूगल माय मॅप्समध्ये, म्हणजे आपला नकाशा बनवायच्या गूगलच्या साधनात घाला. जागांच्या नावांवरून खुणा आपोआप नकाशावर बसतात, चुकीच्या बसल्या तर मुलं हाताने सरकवतील. (चुकीच्या बसतातच. कुठली वाडी कुठे आहे यावरून होणारा वाद हाही भूगोलच आहे.) फोर्टमध्ये कामाला असलेल्या कुणाचा तरी बाप म्हणेल, आमच्याकडे दुपारपर्यंत फारसं काही नव्हतं, गाड्या बंद झाल्या तेव्हा कळलं. कुर्ला-कलिन्याकडून वेगळं ऐकू येईल. कुणी एलबीएस मार्गाने रात्रभर चालत भांडुपला पोहोचलं असेल. नकाशा भरत जाईल तसतसं मुलंच विचारतील की पाणी इथेच का साचलं. तेव्हा मिठी नदी शिकवा: विहार-पवई तलावांचं ओसंडणारं पाणी घेऊन साकीनाका, कुर्ला, कलिना करत माहीमच्या खाडीला मिळणारी, दोन्ही काठांनी आवळलेली नदी. आणि त्याच दुपारी समुद्राला भरती होती हेही. पुस्तकातलं "पर्जन्याचे असमान वितरण" मुलांना त्या दिवशी वेगळं समजेल.

एक काळजी मात्र घ्या. त्या पावसात माणसं गेली आहेत आणि एखाद्या घरात ती आठवण अजून नकोशी असेल. सक्ती करू नका. जी कुटुंबं नंतर मुंबईत आली, त्यांना २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसाबद्दल किंवा गावाकडच्या पुराबद्दल विचारू द्या. तो नकाशाच्या बाहेरचा कागद झाला तरी वर्गाच्या आतला आहे.

अशा कामाचा आणखी एक फायदा आहे. हल्ली मुलं निबंध एआयकडून लिहून आणतात ही प्रत्येक स्टाफरूममधली तक्रार आहे. पण आपले बाबा त्या रात्री कुठल्या पुलावर अडकले होते हे कुठल्याही यंत्राला माहीत नसतं, ते बाबांनाच विचारावं लागतं.

आता वर्गातलं. चार-पाच फोनांवर कहूटसारखी क्विझ घेतलीत तर ज्यांच्याकडे फोन आहे त्यांचा खेळ होतो आणि इतरांना आपल्याकडे तो नाही याची आठवण होते. ते बंद करा. त्याऐवजी प्लिकर्स बघा. त्यात फोन फक्त तुमचा लागतो. प्रत्येक मुलाच्या हातात एक छापलेलं कार्ड असतं, त्यावर चौकोनी नक्षी. कार्डाची कुठली बाजू वर धरली त्यावरून उत्तर अ, ब, क की ड ते ठरतं. तुम्ही वर्गावरून कॅमेरा फिरवला की कुणाचं उत्तर काय ते तुमच्या फोनवर येतं. अक्षरं इतकी बारीक छापलेली असतात की शेजारच्याला नक्कल करता येत नाही, आणि चूक कुणाची हे तुमच्याशिवाय कुणाला कळत नाही. मला हे साधन आवडतं ते या शेवटच्या कारणासाठी. जी मुलगी कधीच हात वर करत नाही तीसुद्धा कार्ड वर करते. कार्डं साध्या जाड कागदावर छापून घ्या, वर्षभर पुरतात. तास सुरू होताना दोन प्रश्न, संपताना तेच दोन प्रश्न. निम्म्या वर्गाचं उत्तर चुकलं तर पुढचा धडा थांबवायचा. हे शेवटचं करणार नसाल तर कार्डं छापूच नका.

विज्ञानासाठी फेट ही कोलोरॅडो विद्यापीठाची सिम्युलेशन्स आहेत. २००२ पासून चाललेला प्रकल्प आहे, मोफत आहे आणि त्यातली बरीच सिम्युलेशन्स मराठीत उपलब्ध आहेत. विद्युत परिपथाचं सिम्युलेशन आधी घरी डाउनलोड करून ठेवा म्हणजे शाळेचं नेट गेलं तरी अडणार नाही. प्रोजेक्टरवर तुम्हीच तारा जोडत बसू नका. एका मुलाला माउस द्या आणि वर्गाला विचारा, हा बल्ब काढला तर बाकीचे पेटतील का? आधी अंदाज वहीत लिहायचा, मग माउस हलवायचा. आणि शक्य असेल तेव्हा खरा सेल, खरी वायर, खरा बल्ब. मुलांच्या बोटांना जे कळतं त्याची जागा पडद्याने घेऊ नये असं माझं ठाम मत आहे.

खाडी आणि मिठागरं तुमच्या शाळेपासून लांब नाहीत. गूगल अर्थवर १९८४ पासूनची उपग्रहचित्रं एकामागून एक बघता येतात. मुलुंड-भांडुप-कांजूरची पूर्वेकडची बाजू आणि खाडीपलीकडची नवी मुंबई वर्गाला एकदा दाखवा, कांदळवनं कुठे वाढली, कुठे घटली ते मुलांना शोधू द्या. ठाणे खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झालं आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. तुमच्या मुलांपैकी कितीजणांना हे आपल्या दाराशी आहे हे ठाऊक आहे, ते विचारून बघा.

यूट्यूबबद्दल थोडक्यात सांगते. पूर्ण धड्याचे लांब व्हिडिओ करणं सोडा. बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड आहेत, ते दीक्षा या सरकारी शैक्षणिक संकेतस्थळावरच्या साहित्याकडे नेतात. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंतून करायच्या विज्ञान-खेळण्यांच्या फिती मराठीतही आहेत. जे चांगलं झालेलं आहे ते पुन्हा कशाला करायचं? सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, त्यांचं नाव पुस्तकांतल्या क्यूआर कोडसाठी गाजलं. त्यातली मला पटणारी गोष्ट ही की त्यांनी सुरुवात मुलांच्या हातात असलेल्या पुस्तकाच्या पानापासून केली. तुम्ही व्हिडिओ करायचाच तर जिथे तुमची मुलं दरवर्षी अडतात तेवढ्याच जागेचा करा, चार मिनिटांचा, आणि अनलिस्टेड ठेवा म्हणजे फक्त लिंक असलेल्यांनाच दिसेल.

आणि यात गणिताच्या सरांना घ्या. ते तुमच्या विरोधात आहेत असं मला वाटत नाही, त्यांना आपलं कसब निकालात निघेल अशी भीती असेल. फळ्यावर कंपास फिरवून त्रिकोणाची रचना काढणारा हात हल्ली दुर्मीळ झाला आहे. त्यांना म्हणा, सर, तुम्ही रचना काढा, मी फक्त तुमचा हात आणि फळा टिपते. चेहरा नको, प्रस्तावना नको. आजारी पडून चार दिवस घरी राहिलेल्या मुलासाठी ती फीत शंभर तयार व्हिडिओंपेक्षा उपयोगी पडेल, कारण ती त्याच्याच सरांच्या आवाजात आणि त्याच्याच वर्गाच्या फळ्यावरची असेल.

व्हॉट्सॲप ठेवा, पण नीट बांधा. साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो, आणि नववीतल्या मुलींच्या आयांचे नंबर असे उघडे राहू नयेत. कम्युनिटी करून घोषणांचा ग्रुप वापरला तर सभासदांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत, ॲडमिनलाच दिसतात. निरोप फक्त ॲडमिनचे. गुणांची यादी ग्रुपवर कधीही टाकू नका, फी राहिलेल्यांची तर अजिबात नाही. निरोप संध्याकाळी आठच्या आत टाका, म्हणजे फोन घरी पोहोचतो तेव्हा तो तिथे असतो आणि तुमची रात्र तुमची राहते. शाळेसाठी वेगळं सिम घ्या. विद्यार्थ्याशी एकट्याने चॅट करू नका, मुलाने स्वतःहून निरोप पाठवला तरी उत्तर पालकांच्या नंबरवर द्या. यात तुमचंही रक्षण आहे. आणि कुठल्याही कामासाठी मुलाला स्वतःचं इन्स्टाग्राम खातं उघडायला लागेल असं करू नका. त्या कंपनीच्या नियमातच वयाची अट १३ ची आहे आणि तुमच्या शाळेत पाचवी-सहावीही असेल. मोठ्यांचं पाहून लहान खाती उघडतात, जन्मसाल खोटं टाकून.

गूगल क्लासरूम तूर्त बंद केलंत तरी काही बिघडणार नाही.

राहिलं इन्स्टाग्राम. पेज तुमच्या वैयक्तिक नंबरवर असेल तर ते शाळेच्या ईमेलवर न्या आणि पासवर्ड मुख्याध्यापकांसकट आणखी एका जबाबदार व्यक्तीकडे ठेवा. राज्य सरकारने जुलै २०२५ मध्ये सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कर्मचाऱ्यांसाठी समाजमाध्यमांबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवायला सांगितलं आहे. अनुदानित शाळेला त्यातलं काय लागू होतं ते मुख्याध्यापकांनी शिक्षण निरीक्षक कार्यालयातून विचारून घ्यावं. वेगळी खाती ठेवणं मात्र तसंही शहाणपणाचं आहे.

मुख्याध्यापकांना सांगा की पेज बंद करायचं नाही, बदलायचं आहे. मुलांचे चेहरे, नावं, शाळा सुटण्याच्या वेळा, सहलीचं ठिकाण सहल चालू असताना, यातलं काही जाणार नाही. जाईल ते काम: २६ जुलैचा नकाशा, परिपथाची वहीतली आकृती, कार्डं वर धरलेले हात, सरांचा फळा. आपल्या मुलाला मराठी शाळेत घालावं की नाही या विचारात असलेले पालक नाच सगळ्याच शाळांच्या पेजवर बघतात. इथे मुलं काय शिकतात हे त्यांना फार कमी ठिकाणी दिसतं. पट त्याने वाढेलच असा शब्द मी देऊ शकत नाही. पण नकाशा पुरा झाला की पालकसभेत तो भिंतीवर लावा आणि ज्यांच्या आठवणी त्यात आहेत त्यांना बोलवा. शेजारणीला शाळेबद्दल सांगायला त्यांच्याकडे काहीतरी असेल.

एखाद्या मुलाचा फोटो कुणी वापरून त्रास देऊ लागलं तर शाळेतच मिटवत बसू नका. चाइल्डलाइनचा नंबर १०९८ आणि सायबर गुन्ह्यांसाठी १९३० आहे, दोन्ही ग्रुपच्या माहितीत लिहून ठेवा.

शेवटी, पालकांना पाठवायची चिठ्ठी. शाळाप्रवेशाच्या अर्जातल्या बारीक अक्षरांतल्या एका ओळीवर विसंबू नका. ही साधी चिठ्ठी कागदावर द्या, हवी तशी बदला:

"आम्ही मुलांच्या अभ्यासाच्या कामाचे फोटो (वही, तक्ते, प्रयोग, नकाशे) शाळेच्या पेजवर टाकतो. त्यात मुलाचा चेहरा किंवा नाव नसेल. कधी चेहरा दिसणारा फोटो टाकायचा असेल तर त्या एका फोटोसाठी आम्ही आधी तुम्हाला तो दाखवून विचारू. तुम्ही 'नको' म्हणालात तर कारण विचारणार नाही, आणि तुमच्या मुलाला कुठल्याही कार्यक्रमातून वगळणार नाही. टाकलेला फोटो तुम्ही सांगाल त्या दिवशी काढून टाकू."

खाली सहीसाठी दोन चौकटी ठेवा, एक "चालेल" आणि एक "नको", दोन्ही सारख्याच आकाराच्या. आणि पहिली चिठ्ठी त्या आईला स्वतः नेऊन द्या.